गोव्यात हॅम रेडिओची सुरुवात: पहिल्या ऐकण्यापासून पहिल्या संभाषणापर्यंत

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून इतर हौशी मंडळींशी बोलणे, शिकू इच्छिणारी बहुतेक मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो कोणता संच घ्यावा हा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आधी ऐकणे, मग अभ्यास, त्यानंतर परीक्षा आणि परवाना, मग अँटेना आणि अखेरीस संच, या क्रमाने गेलेला माणूस या छंदात टिकतो. उलट क्रमाने गेलेल्यांपैकी अनेकांचे संच पहिल्या पावसाळ्यानंतर कपाटात जाऊन पडलेले मी पाहिले आहेत. शिवाय या क्रमामागे कायदाही आहे. आपल्या देशात परवान्याशिवाय ट्रान्समीटर बाळगणे आणि चालवणे हा गुन्हा आहे. ऑनलाइन दुकानात स्वस्त हँडसेट सहज मिळतो म्हणून तो वापरण्याचा अधिकार खरेदीबरोबर मिळत नाही.

आधी ऐकणे

पहिले दोन-तीन महिने केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवावेत. घरात शॉर्टवेव्ह असलेला जुना रेडिओ असेल तर सुरुवात त्यावरही करता येते, पण एक अडचण लगेच जाणवेल. हौशी मंडळी बोलण्यासाठी सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी, ही पद्धत वापरतात आणि साध्या रेडिओवर ते बोलणे बदकाच्या आवाजासारखे, अर्थहीन ऐकू येते. एसएसबीची सोय असलेला रिसीव्हर नसेल तर इंटरनेटवरील वेबएसडीआर ही उत्तम सोय आहे. जगात ठिकठिकाणी बसवलेले हे रिसीव्हर ब्राउझरमधून कोणालाही विनामूल्य चालवता येतात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. १० मेगाहर्ट्झच्या खाली बोलणे ऐकताना लोअर साइडबँड आणि वर ऐकताना अपर साइडबँड निवडायचा, एवढे लक्षात ठेवले की आवाज माणसासारखा होतो.

भारतातील स्टेशने ऐकायची असतील तर सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, म्हणजे ४० मीटर बँडवर, कान लावावा. ठरलेल्या वेळी अनेक स्टेशने एकत्र येऊन एका संचालकाच्या नियंत्रणाखाली बोलतात, त्याला नेट म्हणतात, आणि नवशिक्यासाठी नेटपेक्षा चांगली शाळा नाही. संचालक हाक कशी देतो, एकाच वेळी दोघे बोलले तर कोणाला थांबवतो, कमजोर सिग्नलवाल्या स्टेशनला प्राधान्य कसे देतो, हे ऐकूनच कळते. १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २० मीटर बँडवर, दुपारनंतर आणि संध्याकाळी युरोपातील स्टेशने ऐकू येतात. पहाटे आणि रात्री बँड कसा बदलतो याची टिपणे एका वहीत ठेवावीत: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कोण ऐकू आले आणि किती स्पष्ट. दोन महिन्यांनी हीच वही कोणता बँड केव्हा उघडतो हे तुम्हाला सांगू लागते.

ऐकता ऐकताच दोन गोष्टी पाठ कराव्यात. पहिली म्हणजे अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी अक्षरांची आंतरराष्ट्रीय उच्चारमाला, कारण गोंगाटात ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात. दुसरी म्हणजे क्यू-संकेत: क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा व्यत्यय, क्यूआरएन म्हणजे विजा-वादळांचा नैसर्गिक खरखराट, क्यूएसएल म्हणजे संदेश पोहोचल्याची पोच.

रेडिओला कान लावून बसण्याची गोव्याची ओळख जुनी आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ च्या मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलांतून चालवलेले ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र इथल्या घराघरांत ऐकले जाई. हौशी रेडिओच्या जगातही पोर्तुगीज अमलातील गोव्याची वेगळी नोंद होती. त्या काळी इथल्या स्टेशनांची हाक ‘सीआर८’ ने सुरू होत असे.

अभ्यास

परीक्षेचे नाव अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे एएसओसी. तिच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीत लेखी परीक्षा असते आणि मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची संकेतलिपी, नसतो. जनरल श्रेणीत लेखी परीक्षा अधिक सखोल असते आणि मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स घेता व पाठवता यावा लागतो. जनरलमध्ये अधिक शक्तीचा ट्रान्समीटर आणि अधिक सवलती मिळतात. वय वर्षे १२ पूर्ण केलेल्या मुलांनाही परीक्षा देता येते, त्यामुळे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी संकोच करू नये. घाई नसेल तर सरळ जनरलची तयारी करावी असा माझा आग्रह असतो. मोर्सची भीती घालवण्याचा उपाय अभ्यासातच आहे.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात: तंत्र आणि नियम. तंत्रात ओहमचा नियम, कपॅसिटर आणि इंडक्टरची वागणूक, अनुनाद, ट्रान्झिस्टर, एएम, एफएम आणि एसएसबी मॉड्युलेशन, रिसीव्हरची रचना, अँटेना आणि लहरींचे प्रसारण हे विषय येतात. दहावीचे विज्ञान नीट झालेल्याला यातील निम्मे परिचयाचे असते. पाठांतराऐवजी प्रत्येक सूत्र एकदा हाताने वापरून पाहावे. तरंगलांबी मीटरमध्ये काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचे. ७.१ मेगाहर्ट्झला हे उत्तर सुमारे ४२ मीटर येते, म्हणून त्या बँडचे नाव ४० मीटर. नियमांच्या भागात परवान्याच्या अटी, नोंदवही, संकटसंदेशांचे प्राधान्य आणि हौशी स्टेशनवर काय चालत नाही हे विचारले जाते. व्यापारी संदेश, संगीत किंवा गुप्त सांकेतिक भाषा हौशी स्टेशनवरून पाठवता येत नाही.

मोर्स डोळ्यांनी शिकू नये. ठिपके आणि रेघांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ केलेला माणूस प्रत्येक अक्षरागणिक मनात तक्ता चाळत राहतो आणि तीन-चार शब्दांच्या वेगावर अडकतो. ८ शब्दांच्या वेगाला एका ‘डिट’ची, म्हणजे ठिपक्याच्या आवाजाची, लांबी ०.१५ सेकंद असते. मात्र सराव करताना प्रत्येक अक्षर १५ शब्दांच्या वेगाने वाजवून दोन अक्षरांमधले अंतर मोठे ठेवावे, म्हणजे कान अक्षराचा नाद अखंड ओळखतो. ‘डा-डि-डा-डिट’ (म्हणजे ‘सी’ हे अक्षर) हा तबल्याच्या बोलासारखा एक तुकडा म्हणून ऐकू आला पाहिजे. रोज वीस मिनिटे आणि आठवड्याला तीन-चार नवी अक्षरे एवढेच ठेवावे. रविवारी तीन तास बसण्याने हे साध्य होत नाही. आमच्याकडे भजनी मंडळात ठेका धरणारी मुले मोर्स विलक्षण लवकर शिकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

परीक्षा आणि परवाना

परीक्षा आणि परवाना ही दोन्ही कामे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंगच्या अखत्यारीत येतात आणि परीक्षा वायरलेस मॉनिटरिंग स्टेशने घेतात. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी संकेतस्थळावरून करायचा असतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि छायाचित्र आधीच स्कॅन करून ठेवावे आणि सर्व कागदांवर नाव अक्षरशः एकसारखे आहे ना हे तपासावे. गोव्यात एकाच माणसाचे आडनाव रोमी लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिलेले असते आणि तेवढ्यावरून अर्ज परत येऊ शकतो. दूरसंचार कायदा, २०२३ आल्यानंतर जुने नियम बदलण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे, म्हणून शुल्क, गुण आणि शक्तीच्या मर्यादा अर्ज करण्याच्या दिवशी संकेतस्थळावर स्वतः वाचाव्यात. पडताळणीला वेळ लागतो. तो काळ वाया घालवू नये, कारण अँटेनाची बहुतेक तयारी त्याच काळात होते.

परवान्याबरोबर हाकनाम, म्हणजे कॉलसाइन, मिळते. जनरलचे हाकनाम ‘व्हीयू२’ ने आणि रिस्ट्रिक्टेडचे ‘व्हीयू३’ ने सुरू होते. ‘व्हीयू४’ अंदमान-निकोबारसाठी आणि ‘व्हीयू७’ लक्षद्वीपसाठी आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेवर अंदमानातच होते. तारा आणि टेलिफोन बंद पडल्यावर त्यांच्या स्टेशनाने बेटांवरचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले. नव्या मुलांना मी ही हकीकत परवाना हाती येण्यापूर्वीच सांगतो, कारण हाकनामाबरोबर येणारी जबाबदारी त्यातून स्पष्ट होते.

अँटेना

उत्तम संच आणि वाईट अँटेना यांपेक्षा साधा संच आणि चांगली अँटेना केव्हाही बरी. गोव्यातील वाड्यावर राहणाऱ्याला या बाबतीत मोठी अनुकूलता आहे, कारण घराभोवती माड असतात.

नवशिक्याने पहिली अँटेना म्हणून ४० मीटर बँडची हाफ-वेव्ह डायपोल, म्हणजे मध्यभागी केबल जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, करावी. तिची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर २०.१४ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १०.०७ मीटर तार. प्रत्यक्षात प्रत्येक बाजू १०.५ मीटर कापावी आणि जास्तीची तार टोकाशी दुमडून ठेवावी. मध्यभागी प्लॅस्टिकचा किंवा बेकेलाइटचा तुकडा इन्सुलेटर म्हणून वापरावा, तिथे दोन्ही तारा कोअॅक्सिअल केबलला सोल्डर कराव्यात आणि खालीच केबलचे सहा-आठ वेढे गुंडाळून चोक करावा, म्हणजे केबलच्या बाहेरील आवरणावरून रेडिओची ऊर्जा घरात उतरत नाही.

दोन माडांमध्ये तार टांगताना एक चूक सर्रास होते. तार दोन्ही खोडांना ताणून बांधली जाते, मग वारा सुटला की माड हलतात आणि तार तुटते. एका बाजूला कप्पी लावून दोरीच्या टोकाला पाण्याने भरलेली बाटली किंवा चिऱ्याचा तुकडा टांगावा, म्हणजे माड झुलला तरी वजन वरखाली होते आणि ताण सारखा राहतो. माडावर स्वतः चढण्याचा प्रयत्न करू नये. नारळ काढायला पाडेली येतो त्या दिवशी त्यालाच विनंती करून कप्पी बांधून घ्यावी. कप्पी शेंड्यापासून दोन-तीन मीटर खाली बांधावी, नाहीतर सुकलेली झावळ पडताना तारच घेऊन खाली येते. दोरी उन्हात न कुजणारी, पॉलिएस्टरची घ्यावी.

एकच उंच आधार असेल तर मध्यभाग वर आणि दोन्ही टोके उतरती, अशी उलट्या ‘व्ही’ची रचना करावी. दोन बाजूंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये आणि टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी, निदान अडीच-तीन मीटर, उंच ठेवावीत, कारण प्रसारण चालू असताना टोकांवर मोठा व्होल्टेज असतो. विजेच्या तारांपासून इतके दूर राहावे की अँटेना किंवा खांब कोणत्याही दिशेने पडला तरी त्यांना स्पर्श होणार नाही. या नियमाला अपवाद करू नये.

आता जुळवणी. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते याचे माप) दाखवणारा मीटर किंवा छोटा अँटेना अॅनलायझर लावून ७.०, ७.१ आणि ७.२ मेगाहर्ट्झवर मोजमाप घ्यावे. सर्वांत कमी एसडब्ल्यूआर हवी त्यापेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीवर येत असेल तर तार लांब आहे. प्रत्येक बाजूची लांबी १० सेंटिमीटरने कमी केली की अनुनाद सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. दर वेळी तार न कापता दुमडत जावे, कारण कापलेली तार परत जोडावी लागते. एसडब्ल्यूआर १.५ च्या आत आली की थांबावे. त्याहून कमी करण्यासाठी आठवडे घालवणारे लोक आहेत, पण ऐकणाऱ्याला त्याचा फरक कळत नाही.

सात-आठ मीटर उंचीवरील ही डायपोल बरीचशी ऊर्जा सरळ वर फेकते. ती आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून आजूबाजूच्या काही शे किलोमीटरमध्ये खाली येते. त्यामुळे सह्याद्रीची भिंत मध्ये असूनही सकाळी कोल्हापूर, पुणे, बेळगाव, हुबळी सहज मिळतात. व्हीएचएफचे, म्हणजे अतिउच्च फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचे, तसे नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मोकळ्या सपाट जागी हँडसेट धरून उभ्या असलेल्या दोन माणसांना सुमारे १० किलोमीटरचा पल्ला मिळतो, तर आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा १०० मीटर उंच सड्यावर गेलेल्याला तो ४५ किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणूनच पर्वरी किंवा वेर्ण्याच्या सड्यावरून छोटा हँडसेटही दूरवर बोलतो आणि दरीत वसलेल्या गावात तोच मुका होतो. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर उष्ण हवेचा थर बसला की व्हीएचएफच्या लहरी त्यात अडकून किनाऱ्याने शेकडो किलोमीटर जातात. किनारपट्टीवर राहणाऱ्या हौशीने अशा संध्याकाळी बँड ऐकायला चुकू नये.

व्हीएचएफसाठी केबल जपून निवडावी. २० मीटर आरजी-५८ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झवर निम्म्याहून अधिक शक्ती उष्णतेत जाते. ७ मेगाहर्ट्झवर तीच केबल चालून जाते.

संच आणि घरातला गोंगाट

हाती परवाना आल्यावर संच घ्यावा. व्हीएचएफसाठी ५ वॅटचा हँडसेट पुरतो. एचएफसाठी, म्हणजे ४० आणि २० मीटरसारख्या बँडसाठी, १०० वॅटचा संच घेतल्यास १३.८ व्होल्ट आणि किमान २० अँपिअर देणारा वीजपुरवठा लागतो. वापरलेला संच परवानाधारकाकडूनच आणि कागदपत्रांसह घ्यावा. सोल्डरिंगची आवड असेल तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा केलेला ‘बिटएक्स’ हा एसएसबी संच स्वतः बांधावा. सिग्नल कुठून कुठे जातो हे त्यामुळे प्रत्यक्ष हाताखालून जाते.

संच लावला आणि सगळीकडे घरघर ऐकू आली तर दोष बहुधा घरातच असतो. संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा आणि घराचा मुख्य स्विच बंद करावा. आवाज गेला तर एकेक एमसीबी चालू करत जावे, म्हणजे कोणत्या खोलीत चोर आहे ते कळते. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे अपराधी. दिवा बदलणे किंवा चार्जरच्या वायरवर फेराइटचा मणी बसवणे पुरे होते. शेजाऱ्याच्या घरातून आवाज येत असेल तर तक्रार न करता त्यांना प्रत्यक्ष ऐकवावा आणि नवा दिवा आपणच नेऊन द्यावा.

पावसाळा

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत मीठ असते. माझ्या पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टपर्यंत एसडब्ल्यूआर चढत गेला आणि मी तार पुनःपुन्हा मोजत राहिलो. केबल सोलून पाहिली तेव्हा आतली तांब्याची जाळी हिरवी-काळी झालेली दिसली. मध्यबिंदूच्या जोडातून पाणी शिरून केबलच्या आत उतरले होते. तेव्हापासून प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारा रबर टेप ताणून गुंडाळतो, त्यावर साधा विद्युत टेप लावतो आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल देतो, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून गळून जाते. बाहेरच्या नटबोल्टसाठी स्टेनलेस स्टीलच वापरावे.

विजा हा यातला सर्वांत गंभीर विषय आहे. एप्रिल-मे मधील वळिवाच्या सरी आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस या काळात धोका अधिक असतो. या महिन्यांत वापर संपला की केबल संचातून काढून भिंतीबाहेर ठेवण्याची सवय लावावी. गडगडाट सुरू झाल्यावर केबल काढायला जाऊ नये. जांभ्या दगडात अर्थिंग सहज होत नाही, कारण उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि सळई ठोकून आत जात नाही. खड्डा खणून कोळसा आणि माती भरावी आणि जागा शक्यतो न्हाणीचे पाणी जाते त्या केळीच्या आळ्याजवळ निवडावी, तिथली माती वर्षभर ओलसर असते. हे अर्थिंग घराच्या विद्युत अर्थिंगला जाड तारेने जोडून घ्यावे आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावे.

पहिले संभाषण

पहिल्या दिवशी स्वतः ‘सीक्यू’, म्हणजे कोणीही उत्तर द्यावे अशी, हाक देण्यापेक्षा, तुम्ही महिनोन्‌महिने ऐकत आलेल्या नेटमध्ये हजेरी लावावी. संचालक नवीन स्टेशनांना बोलावतो त्या क्षणी बटण दाबून अर्धा सेकंद थांबावे आणि आपले हाकनाम उच्चारमालेत एकदाच स्पष्ट सांगावे. उत्तर आल्यावर समोरच्याला सिग्नलचा अहवाल, आपले नाव आणि गाव सांगावे: “नमस्कार, तुमचा सिग्नल पाच-नऊ येतो आहे, माझे नाव अमुक, क्यूटीएच फोंडा, गोवा.” पाचचा आकडा स्पष्टतेचा आणि नऊचा ताकदीचा. खरोखर पाच-तीन ऐकू येत असेल तर पाच-तीनच सांगावे, कारण समोरचा त्या आकड्यावरून आपली अँटेना तपासणार असतो. हात थरथरतील आणि गावाचे नाव विसरायला होईल, म्हणून पहिले वाक्य समोर लिहून ठेवावे. निरोप घेताना ‘सेव्हन्टी-थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा.

लगेच नोंदवहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, पद्धत, समोरचे हाकनाम आणि दोन्ही बाजूंचे अहवाल लिहावेत. वेळ यूटीसी या आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लिहायची, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. इथे नवशिक्या हमखास चुकतो: यूटीसीची नवी तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, त्यामुळे १५ तारखेला पहाटे चार वाजता झालेले संभाषण वहीत १४ तारखेला २२.३० वाजता जाते. संभाषणाची पोच म्हणून पाठवायच्या क्यूएसएल कार्डावर तारीख चुकली तर समोरच्याच्या नोंदीशी ती जुळत नाही आणि कार्ड बाद ठरते. म्हणून संचाशेजारी यूटीसीवर लावलेले एक वेगळे घड्याळ ठेवावे आणि नोंद करताना फक्त त्याच्याकडे पाहावे.